टक्कर तीच, कागद वेगळा

७ जानेवारी २०१०. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथलं रोझ बोल मैदान, नव्वद हजारांवर प्रेक्षक, आणि अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद ठरवणारा सामना. टेक्सास विद्यापीठाची जेमतेम पाचवी चाल चालू होती. त्यांचा क्वार्टरबॅक कोल्ट मॅकॉय चेंडू पोटाशी धरून पुढे घुसला आणि अलाबामाचा धिप्पाड मार्सेल डेरियस त्याच्यावर आदळला. या खेळात अशा टकरी मिनिटामिनिटाला होतात. मॅकॉय उठून उभाही राहिला. पण त्याच्या उजव्या खांद्यातली नस दबली होती आणि हात बधिर झाला होता. ड्रेसिंग रूममध्ये त्याने वडिलांकडे चेंडू फेकून पाहिला. फेक नीट जाईना. बाहेर १८ वर्षांचा गॅरेट गिल्बर्ट त्याच्या जागी खेळायला उतरला. टेक्सास ३७-२१ असं हरलं.

ही कहाणी अमेरिकेत अनेकदा सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा हळहळत. एवढा गुणी मुलगा, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या रात्री जायबंदी झाला, पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेला तर तिथल्या बारा-तेरा वर्षांपैकी बहुतेक वर्षं दुसऱ्याच्या मागे राखीव म्हणून बसला. हळहळीच्या मागे न बोललेलं एक वाक्य असतं : कॉलेजात सोनं, लीगमध्ये पितळ. मला हा निवाडा मुळातच चुकीचा वाटतो. मॅकॉयच्या कारकिर्दीकडे नीट पाहिलं, तर लाज वाटायला हवी ती त्याच्या कॉलेजच्या चार वर्षांची, आणि तीही त्याला नाही, ती वर्षं विकून खाणाऱ्यांना.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातून होते. चाल कोणती ते तो सोबत्यांना सांगतो, समोरची बचावफळी कशी उभी आहे ते वाचतो, आणि अंगावर धावून येणारी दीडशे किलोची माणसं पोचायच्या आत चेंडू कुणाकडे द्यायचा ते ठरवतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. एका वेळी एकच क्वार्टरबॅक खेळतो, आणि तो धडधाकट असेल तर अख्खा हंगाम सहसा तोच खेळतो. म्हणून त्याच्या मागच्या राखीव माणसाचं स्थान विचित्र असतं. क्रिकेटमधला बारावा खेळाडू निदान पाणी घेऊन मैदानावर जातो, झेलही घेतो. इथला राखीव क्वार्टरबॅक पूर्ण पोशाखात, टोपी घालून सीमारेषेवर उभा असतो आणि वर्षच्या वर्ष असंच जाऊ शकतं.

मॅकॉय टेक्सासमधल्या टस्कोला नावाच्या लहानशा गावचा. वडील शाळेतल्या संघाचे प्रशिक्षक. २००६ ते २००९ अशी चार वर्षं तो टेक्सास विद्यापीठाचा पहिला क्वार्टरबॅक होता आणि त्या काळात त्याने ४५ सामने जिंकले. तोवर वरच्या श्रेणीत कुठल्याही क्वार्टरबॅकने इतके जिंकले नव्हते. २००८ मध्ये त्याच्या शंभरातल्या जवळजवळ ७७ फेकी सोबत्याच्या हातात अचूक पोचल्या, तोही तेव्हाचा विक्रम. त्याच वर्षी हाइजमन करंडकाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या बक्षिसाच्या, मतदानात तो दुसरा आला. त्याचा १२ क्रमांक विद्यापीठाने पुढे कायमचा राखून ठेवला. ऑस्टिन शहरात शनिवारी स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यांवर नारिंगी सदऱ्यांचा पूर लोटतो, हे तिथे शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांनीही पाहिलेलं आहे. त्या काळात त्या पुराच्या पाठीवर १२ हा आकडा असायचा.

या चार वर्षांचा मोबदला त्याला काय मिळाला? शिष्यवृत्ती. फी, पुस्तकं, राहणं, जेवण. ती शिष्यवृत्तीसुद्धा तेव्हाच्या नियमांनुसार एकेका वर्षाची असे, दर वर्षी नव्याने दिली जाई. त्याच्या प्रशिक्षकाचा, मॅक ब्राउन यांचा, पगार डिसेंबर २००९ मध्ये वर्षाला ५० लाख डॉलर करण्यात आला, म्हणजे त्या पॅसाडेनाच्या सामन्याच्या महिनाभर आधी. जानेवारी २०११ मध्ये विद्यापीठाने ईएसपीएनशी स्वतःच्या दूरचित्रवाहिनीचा करार केला : २० वर्षं, ३० कोटी डॉलर. वाहिनी विकली गेली ती विद्यापीठाच्या नावावर हे खरं, पण ते नाव त्या दशकात कुणाच्या खांद्यावर मोठं झालं? ईए कंपनीच्या कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्येही टेक्सासचा १२ क्रमांकाचा क्वार्टरबॅक होता. नाव तेवढं छापलेलं नसे. याबद्दल सॅम केलर या दुसऱ्या एका कॉलेज क्वार्टरबॅकने २००९ मध्ये खटला भरला आणि २०१४ मध्ये ६ कोटी डॉलरची तडजोड झाली, तेव्हा कुठे हजारो खेळाडूंना वाटून थोडे थोडे पैसे मिळाले.

पैशाचा मुद्दा निघाला की एक उत्तर ठरलेलं असायचं : आत्ता शिकू द्या, पुढे लीगमध्ये गेला की कोट्यवधी कमावेलच. हे उत्तर किती पोकळ आहे, ते त्या एका रात्रीत खेळलेल्या तीन क्वार्टरबॅकांवरून कळतं. जिंकलेल्या अलाबामाचा ग्रेग मॅकेलरॉय २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगचे संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, सातव्या फेरीत, २०८ वा निवडला गेला. लीगमध्ये सुरुवातीपासून खेळण्याची संधी त्याला एकदाच मिळाली, २०१२ च्या डिसेंबरमध्ये, आणि त्या सामन्यात त्याला ११ वेळा मागच्या मागे पाडण्यात आलं. डोक्याला मार बसल्याची लक्षणं त्याने काही दिवस लपवली आणि मग सांगितली. गिल्बर्ट टेक्सासमधून दुसऱ्या विद्यापीठात गेला, २०१४ मध्ये सहाव्या फेरीत निवडला गेला, संघामागून संघ बदलत राहिला आणि २०२० व २०२१ मध्ये एकेक सामना सुरुवातीपासून खेळला. आणि मॅकॉय, ज्याच्याबद्दल आपण बोलतो आहोत, तो तिसऱ्या फेरीत ८५ वा. देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज संघांचं सुकाणू हाती असलेले हे तिघे. त्यांच्यातला एकही लीगमध्ये कायमचा पहिला क्वार्टरबॅक झाला नाही. मॅकॉयच्या ४५ विजयांचा विक्रम मोडून ५० वर नेणाऱ्या केलन मूरला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. लीगमध्ये तो दोन सामने सुरुवातीपासून खेळला आणि त्याचं खरं डोकं पुढे प्रशिक्षक म्हणून उजेडात आलं.

याचा अर्थ साधा आहे. यांच्यापैकी बहुतेकांच्या खेळाची बाजारातली सर्वांत मोठी किंमत वयाच्या २० ते २२ च्या दरम्यान होती. तीच वर्षं फुकट घ्यायची आणि ‘पुढे मिळेल’ म्हणायचं, हे पीक कापून नेऊन शेतकऱ्याला पुढच्या पावसाचा वायदा देण्यासारखं आहे.

पैशापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती दुसरी टक्कर.

८ डिसेंबर २०११, पिट्सबर्ग, गुरुवारची रात्र. मॅकॉय तेव्हा क्लीव्हलंड ब्राउन्सचा पहिला क्वार्टरबॅक होता. आदल्या वर्षी अगदी नवखा असताना त्याने न्यू ऑर्लिन्स आणि न्यू इंग्लंडसारख्या बलाढ्य संघांना लागोपाठ हरवलं होतं, पण एकूण संघ कमकुवत होता आणि पराभव साचत चालले होते. त्या रात्री पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनने शिरस्त्राण पुढे करून त्याच्या तोंडावर धडक दिली. मॅकॉय आडवा झाला. आणि दोन चालींनंतर तो परत मैदानावर होता! मेंदूला मार बसला आहे का, याची तपासणीच त्या वेळी झाली नाही. संघाचं म्हणणं असं की वैद्यकीय माणसं दुसऱ्या जखमी खेळाडूंकडे पाहत होती, त्यांना धडक दिसलीच नाही. मुलाला त्या अवस्थेत परत खेळवायला नको होतं, त्याला ती धडक आठवतही नाही, असं त्याचे वडील, तेच ड्रेसिंग रूममधले वडील, पत्रकारांपुढे उघड बोलले. त्या हंगामात मॅकॉय पुन्हा खेळला नाही.

आता पुढे काय झालं ते पाहा. हॅरिसनवर एका सामन्याची बंदी आली. लीग आणि खेळाडू संघटना दोघांनी मिळून क्लीव्हलंडकडे जबाब मागितला. आणि दोन आठवड्यांच्या आत लीगने नियम केला, की प्रत्येक सामन्यात वर, प्रेक्षागाराच्या माथ्यावरच्या कक्षात, एक स्वतंत्र प्रशिक्षित माणूस बसेल. त्याचं काम एवढंच, कुणाच्या डोक्याला मार बसला आहे का ते पडद्यावर पाहायचं आणि खाली कळवायचं. दोन आठवडे! दोन टकरींत दोन वर्षांचंही अंतर नाही, माणूस तोच, शरीर तेच. फरक एका कागदाचा होता. २०११ मध्ये तो करारबद्ध कामगार होता आणि त्याच्यामागे संघटना होती. २०१० मध्ये तो ‘विद्यार्थी-खेळाडू’ होता.

हा जोडशब्द कुठून आला हे विसरून चालणार नाही. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाईचा दावा केला. त्या सुमारास कॉलेज क्रीडा संघटना, म्हणजे एनसीएए, आपल्या सगळ्या कागदपत्रांत ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द आवर्जून घालू लागली, आणि तो का घातला हे तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे : खेळाडू म्हणजे नोकर असं कुणी म्हणू नये म्हणून. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने विधवेचा दावा फेटाळला. १९७४ मध्ये टेक्सासमधल्याच एका विद्यापीठाचा, टीसीयूचा, केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्ध खेळताना मानेखाली लुळा झाला. तो अनेक वर्षं लढला. २००० साली टेक्सासच्या अपील न्यायालयाने सांगितलं, तू विद्यापीठाचा नोकर नव्हतास.

मॅकॉयचा हात बरा झाला. समजा, ती नस सुटलीच नसती, तर? अलाबामाचाच पोशाख समोर होता, टेक्सासचाच मुलगा होता, आणि कायदा २००० सालचाच होता.

म्हणून मला त्याची राखीव म्हणून गेलेली वर्षं अपयशाची वाटत नाहीत. २०१२ मध्ये क्लीव्हलंडने त्याच्या डोक्यावर २८ वर्षांच्या ब्रँडन वीडनला पहिल्या फेरीत आणून बसवलं. २०१३ मध्ये मॅकॉय सॅन फ्रान्सिस्कोला गेला, २०१४ पासून वॉशिंग्टनला, मग २०२० मध्ये न्यूयॉर्क जायंट्स, शेवटी अॅरिझोना. हे काम काय असतं ते थोडं खोलात सांगायला हवं, कारण बाहेरून ते उभं राहण्याचं काम दिसतं. आठवडाभराच्या सरावात पहिल्या क्वार्टरबॅकलाच बहुतेक चाली मिळतात. राखीव माणूस सराव करतो तो येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून, म्हणजे स्वतःच्याच बचावफळीला शत्रूचा क्वार्टरबॅक कसा वागेल ते दाखवून. संध्याकाळी तोच चित्रफितींसमोर बसतो, पहिल्याला न दिसलेलं शोधून देतो. सामन्यात पहिला क्वार्टरबॅक मैदानाबाहेर आला की टॅब्लेटवरची छायाचित्रं घेऊन त्याच्या शेजारी बसतो. आणि ज्या डावपेचाचा सराव त्याने स्वतः कधी केलाच नाही, तो एका क्षणात, थंड अंगाने, लाखो लोकांसमोर खेळायची तयारी ठेवतो. मिसुरी विद्यापीठाचा चेस डॅनियल असाच. कॉलेजात हाइजमनच्या शेवटच्या यादीतला, लीगमध्ये १४ हंगामांत सुरुवातीपासून खेळलेले सामने ५. लोक त्याच्या नशिबाचा हेवा करतात. मला त्यात हेवा करण्यासारखं काही दिसत नाही. कौशल्याचं काम आहे आणि त्याचे पैसे ठरवून, सही करून दिलेले आहेत.

१८ नोव्हेंबर २०१८ ला वॉशिंग्टनच्या अॅलेक्स स्मिथचा पाय नडगीत मोडला, हाड बाहेर आलं. पुढे त्याच्यावर १७ शस्त्रक्रिया झाल्या. त्या क्षणी मॅकॉय टोपी काढून आत गेला. दोन आठवड्यांनी, ३ डिसेंबरला फिलाडेल्फियात, त्याचाही पाय मोडला. मग आला मार्क सँचेझ, कॉलेजातला आणखी एक तारा, आणि त्याच्यानंतर जॉश जॉन्सन, ज्याने नव्या सोबत्यांची नावं व्हिडिओ गेम खेळून पाठ केली आणि तरी सामना जिंकला. मॅकॉयचा पगार मात्र पाय प्लॅस्टरमध्ये असताना चालू होता. करारात तसं लिहिलेलं होतं.

आणि २०२२ चा डिसेंबर. अॅरिझोनाचा कायलर मरे गुडघ्यातलं लिगामेंट तुटून बाहेर गेला, ३६ वर्षांचा मॅकॉय पुढे आला आणि पुढच्याच रविवारी डेन्व्हरमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला. या वेळी त्याला बाहेर काढण्यात आलं. त्या सामन्यात तो परत आला नाही, पुढच्या सामन्यातही खेळला नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याच्याच डोक्याच्या किमतीवर झालेले बदल त्या दिवशी त्याच्या कामी आले.

कॉलेजची बाजू आता पुष्कळ बदलली आहे, हे मान्य करायला हवं. २१ जून २०२१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा निकाल देऊन एनसीएएचे काही निर्बंध बेकायदा ठरवले. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती घेता येऊ लागल्या. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार आता विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना वर्षाला २ कोटी डॉलरहून थोडी अधिक रक्कम वाटू शकतं. मग भांडण उरलं कुठे, असं विचारणारे आता बरेच आहेत.

भांडण नेमकं उरलं आहे ते कागदाचं. पैसे आले, नोकरीचा दर्जा आला नाही. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केन कोल्टर या क्वार्टरबॅकने संघटना काढायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याची पहिली मागणी पगाराची नव्हती; वैद्यकीय खर्चाची होती. पुढच्या वर्षी केंद्रीय कामगार मंडळाने तो विषय हाताळायलाच नकार दिला. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेचा कौल दिला आणि वर्ष संपता संपता अर्ज मागे घ्यावा लागला. कॉलेज सोडल्यावर खेळातल्या दुखापतीसाठी एनसीएए ऑगस्ट २०२४ पासून दोन वर्षांचा विमा देते. गुडघा दोन वर्षांत बोलत नाही हो, तो पंचेचाळिशीत बोलतो.

विरोधकांचा एक मुद्दा मला खरोखर जड वाटतो. फुटबॉलच्या पैशावर पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, मुलींचे कितीतरी खेळ चालतात. फुटबॉलवाल्यांना नोकर म्हटलं की हे खेळ बंद पडतील. ही भीती खोटी नाही, काही विद्यापीठांनी असे संघ बंद केलेही आहेत. पण या खेळांची जबाबदारी विद्यापीठाची आहे, आणि ती निभावण्यासाठी प्रशिक्षकाच्या पगारात, नव्या स्टेडियमच्या सजावटीत हात घालता येतो. एका वीस वर्षांच्या पोराच्या खांद्यातून ती वर्गणी का काढायची? दुसरा आक्षेप असा, की पैसा आल्यापासून पोरं दरवर्षी विद्यापीठ बदलतात, कुणाची कुणाला बांधिलकी राहिली नाही. मान्य. पण बांधिलकी हवी असेल तर करार करा : इतकी वर्षं, इतका मोबदला, दुखापत झाली तर हे, मधेच सोडलं तर ते, आणि या अटी खेळाडूंच्या संघटनेशी बसून ठरवा. व्यावसायिक लीगने हेच केलं म्हणून तिथे गोंधळ नाही. नोकर म्हणायचं नाही आणि नोकरासारखं बांधून मात्र ठेवायचं, ही जुनी सवय आता न्यायालयातही टिकेनाशी झाली आहे. जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने कॉलेज खेळाडू कामगार ठरू शकतात असं म्हणून दार किलकिलं केलं आहे. संसदेने ते बंद करावं म्हणून एनसीएए वॉशिंग्टनमध्ये खेटे घालते आहे. ते दार उघडं राहायला हवं. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांचे आईबापही आता शाळेच्या मैदानांच्या कडेला शनिवारी उभे असतात. सही करायची वेळ येईल तेव्हा शिष्यवृत्तीच्या रकमेआधी त्यांनी विम्याचं कलम वाचावं.

२०२५ च्या तडजोडीत मागची भरपाई म्हणून जवळपास २८० कोटी डॉलर दहा वर्षांत वाटले जाणार आहेत. ते मिळणार जून २०१६ नंतर खेळलेल्यांना. ७ जानेवारी २०१० ला मॅकॉयच्या पुढे उभे राहून धडका झेलणाऱ्या पोरांपैकी ज्यांना लीगने कधी बोलावलंच नाही, ज्यांना ना पेन्शन ना विमा, त्यांचं त्या यादीत नाव नाही. मॅकॉयचंही नाही, पण त्याला पुढे बाकावर जागा मिळाली होती.